रोजच्या तीन चौकटी: वर्तमानपत्रासाठी साहसाची चित्रपट्टी कशी लिहावी

सकाळचा चहा, मांडीवर पेपर आणि आतल्या पानावर तीन चौकटींची एक पट्टी. वाचक तिला पंधरा-वीस सेकंद देतो. कालची पट्टी त्याला अर्धवट आठवते, परवाची आठवत नाही आणि सोमवारी तो गावी गेलेला असतो. साहसकथेची चित्रपट्टी लिहायला बसताना हाच वाचक डोळ्यांपुढे हवा.

पुण्यात चित्रपट्टी म्हटली की १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेला 'चिंटू' आठवतो. तिथे प्रत्येक दिवस स्वतंत्र असतो, गंमत तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. साहसकथेतला रोजचा तुकडा मात्र एकट्यानेही उभा राहिला पाहिजे आणि तीन महिन्यांच्या गोष्टीतही बसला पाहिजे. उदाहरणासाठी एक कल्पित गोष्ट घेऊ. नकाशे काढणारी मीरा, तिचा जुना सोबती बापू आणि पेशवाईत कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत बांधलेला पाण्याचा भुयारी नळ. त्या नळावर जागोजागी ठेवलेले उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीची उघडी तोंडे, साहसकथेला आयते दरवाजेच आहेत.

आधी दिवस मोजा

कथानक सुचले की लगेच संवाद लिहू नका, कॅलेंडर घ्या. सोमवार ते शनिवार आठवड्याला सहा पट्ट्या धरल्या तर तेरा आठवड्यांत ७८ होतात. अंक निघत नाही अशा सुट्ट्यांची यादी कार्यालयातून आधीच मागून घ्या. चार दिवस गेले तर उरल्या ७४ पट्ट्या, म्हणजे २२२ चौकटी. पानाला सहा चौकटी धरल्या तर हे जेमतेम ३७ पानांचे पुस्तक झाले. त्यातला साधारण पाचवा हिस्सा 'मागे काय घडले' याची आठवण देण्यात जातो. हाती उरते तीस पानांची गोष्ट.

नवा लेखक हमखास फसतो तो इथे. त्याच्या डोक्यात कादंबरी असते, आठ पात्रे, तीन कट, दोन भूतकाळ. सहाव्या आठवड्यात त्याला कळते की अजून खलनायकसुद्धा नीट दिसलेला नाही, आणि मग उरलेले सगळे निवेदनाच्या चौकोनांत कोंबले जाते. तेरा आठवड्यांना एक उद्देश, एक अडथळा आणि चार, फार तर पाच बोलती पात्रे पुरतात.

आराखडा एका मोठ्या कागदावर करा, आठवड्याला एक ओळ. त्या ओळीत शनिवारी वाचकाला कळलेली नवी गोष्ट एवढेच लिहा. आपल्या उदाहरणात पहिली ओळ अशी: 'रस्ता खणताना जुना उच्छ्वास उघडा पडतो, रात्री कोणीतरी त्यात उतरते.' दुसरी: 'मीराच्या हाती मोडीतला अर्धा नकाशा लागतो.' सातव्या ओळीत गोष्ट उलटली पाहिजे, म्हणजे वाचक जे खरे धरून चालला होता ते खोटे ठरले पाहिजे: 'नकाशा मीराला मुद्दाम मिळू दिला होता.' एखाद्या ओळीत लिहायला नवे काहीच सापडत नसेल तर तो आठवडा काढून टाका. वाचकाला तो सहा दिवस जाणवत राहतो.

एका दिवसाची पट्टी

नियम एकच: एका पट्टीत एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर पेपर चुकलेला वाचक हरवतो. एकही बदलली नाही तर ज्याने पेपर उघडला तो फसला.

पहिली चौकट कालशी जोडते, दुसरी हलते, तिसरी वळते. सर्वांत अवघड पहिली, कारण तिला आठवणही द्यायची असते आणि नवे काही दाखवायचेही असते. हे वाईट वाचा: 'मीरा, काल आपण नळात उतरलो आणि दोर तुटला!' कोणताही माणूस सोबत असलेल्याला असे सांगत नाही. आता दुसरे पाहा. मीराच्या तळहातावर दोराचे टोक, अगदी जवळून, आणि शब्द एवढेच: 'बापू, दोर तुटला नाही. कापलाय.' कालची पट्टी न पाहिलेल्यालाही कळते की दोर गेला आहे, दोघे खाली अडकले आहेत आणि वर कोणीतरी आहे. काल वाचलेल्याला शत्रूची चाहूल नव्याने मिळते. आठवण नेहमी नव्या माहितीच्या पाठीवर बसवावी, तिला वेगळी चौकट देऊ नये.

'आठवणीचा' सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चित्र. मीराचा हात गळ्यात बांधलेला ठेवा, कंदिलाची काच फुटलेली ठेवा. रोजच्या रोज शब्द न खर्चता मागची हकीकत डोळ्यांपुढे राहते. यासाठी एक वही हवी: कोणता हात, कोणत्या दिवसापासून, कपड्यांवर चिखल कुठपर्यंत. जखम मंगळवारी डाव्या हाताला आणि गुरुवारी उजव्या हाताला दिसली की पत्रे येतात, आणि ती यायलाच हवीत.

पट्टी तयार झाली की तपासा. त्या आठवड्याची फक्त मंगळवारची आणि शुक्रवारची पट्टी एखाद्या नवख्या माणसाला द्या. कोण आहे, कुठे आहे आणि काय पणाला लागले आहे, ही तीन उत्तरे त्याला देता आली नाहीत तर पहिली चौकट पुन्हा लिहा.

सरावासाठी जुना माल हाताशी आहे. 'वेताळ' (मूळ 'द फँटम') ही अमेरिकन लेखक ली फॉक यांची रोजची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. आपल्याकडे ती १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून घराघरांत पोहोचली, पट्ट्या कापून आणि पुन्हा जुळवून. रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादा अंक मिळाला तर पेन्सिल घेऊन बसा. दर तीन-चार चौकटींनंतर गोष्टीला एक बारीकसा हिसका बसतो, कोणीतरी वळून पाहते किंवा प्रश्न विचारते. तिथे रेघ मारा. तो एका दिवसाचा शेवट. काही चौकटी संपादनात गळल्यामुळे सगळे सांधे सापडणार नाहीत, पण वीस पाने रेघा मारल्या की हाताला ताल कळतो. हा अभ्यास दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

शेवटची चौकट

'क्रमशः' म्हणजे रोज कड्यावरून लोंबकळणे नव्हे. सहाही दिवस नायिका मरणाच्या दारात असेल तर चौथ्या दिवशी वाचक निवांत होतो, कारण ती मरत नाही हे त्याला कळून चुकते. आठवड्यात धोक्यावर संपणाऱ्या पट्ट्या दोनच ठेवा. बाकीच्या प्रश्नावर, शोधावर, कोणाच्या तरी येण्यावर किंवा निर्णयावर संपवा. 'मी पुन्हा खाली उतरतेय' हे शांत वाक्यसुद्धा उद्याचा पेपर उघडायला लावते. एखाद्या दिवशी नुसती शांतता चालते: सिंहगडाच्या पायथ्याशी पेटलेली शेकोटी, आणि बापू झोपलेला नाही.

शनिवारचा शेवट सर्वांत जड असावा आणि सोमवारच्या पहिल्या चौकटीने त्याची पूर्ण किंमत चुकती करावी. शनिवारी अंधारात दोन डोळे आणि सोमवारी ते मांजर निघाले, हा प्रकार एका कथेत एकदा माफ होतो. दुसऱ्यांदा केलात तर पुढच्या खऱ्या संकटावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तो विश्वास परत मिळवायला महिना लागतो.

वेग

पट्टीत काळ विचित्र चालतो. कथेतली दहा मिनिटे छापून यायला दोन आठवडे घेतात, आणि 'तीन दिवसांनी' हा एक शब्दसमूह तीन दिवस एका क्षणात उडवतो. वेग चौकटीतल्या धावपळीने ठरत नाही. किती दिवसांत किती बदलले, यावर तो ठरतो. म्हणूनच पाठलाग हा लिहायला वेगवान आणि वाचायला सर्वांत संथ प्रकार आहे: सहा दिवस माणसे नुसती धावतात. पाठलाग सहा पट्ट्यांत संपवा आणि त्यातही दर दुसऱ्या दिवशी काही बदला, वाहन, जागा किंवा कोण कोणाच्या मागे. बसून बोलण्याचा प्रसंग तीन पट्ट्यांपुढे नेऊ नका. एकाच जागी नऊ-दहा दिवस झाले की वाचकाला कोंडल्यासारखे होते. नळाच्या अंधारात तर त्याहून लवकर. मग एक दिवस वर या, पर्वतीवरून दिसणारे शहर दाखवा आणि पुन्हा खाली जा.

दोन धागे एकाच वेळी चालवायचे असतील तर रोज आलटून पालटून दाखवू नका. मीरा सोमवारी, बापू मंगळवारी असे केले की मंगळवार चुकलेल्याला बापू पाच दिवस भेटत नाही. एका धाग्यावर तीन-चार दिवस राहा आणि तो ताणलेला असतानाच सोडा.

संथपणाला घाबरू नका, फक्त तो कमवावा लागतो. अमेरिकन चित्रकार मिल्टन कॅनिफ यांनी 'टेरी अँड द पायरेट्स' ही पट्टी १९३४मध्ये सुरू केली. ऑक्टोबर १९४१मध्ये त्यांनी तिच्यातल्या रेव्हन शर्मन या पात्राचा मृत्यू दाखवला आणि वाचक खरोखर हळहळले. रेव्हन त्यांच्या सकाळच्या टेबलावर दीर्घकाळ येत होती, म्हणून. दोन आठवड्यांपूर्वी आणलेले पात्र मारून असा परिणाम होत नाही. मोठ्या आघातानंतर दोन-तीन पट्ट्या मोकळ्या सोडा, शब्द कमी, माणसे लहान, आकाश मोठे.

रविवारचे काय

अमेरिकेत काही वर्तमानपत्रे रविवारचे रंगीत पान घेत आणि रोजची पट्टी घेत नसत. काहींचे उलटे असे. 'वेताळ'ने तिढा सोपा सोडवला: १९३९मध्ये सुरू झालेल्या रविवारच्या पानाला वेगळीच गोष्ट दिली. कॅनिफ यांनी पुढे दोन्ही एकत्र गुंफले, आणि हे खरेच कठीण काम आहे. शनिवारचा प्रसंग रविवारी मोठ्या चित्रांत खुलतो, पण रविवार चुकला तरी सोमवार कळला पाहिजे. मराठी पेपरची रविवार पुरवणी मिळणार असेल तर पहिल्या वर्षी स्वतंत्र गोष्टच करा.

अक्षर आणि कागद

चार स्तंभांच्या जागेत पट्टी छापून साधारण १६ सेंमी रुंद आणि ५.५ सेंमी उंच येते. ती दुप्पट काढा, ३२ बाय ११. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतो, त्यामुळे मूळ चित्रात अक्षर ५ मिमी ठेवले तर ओळींतले अंतर ९ मिमी हवे. संवादाच्या चार ओळींच्या फुग्याने ३६ मिमी खाल्ले, म्हणजे चौकटीची जवळजवळ एक तृतीयांश उंची. म्हणून एका पट्टीत एकूण पन्नासच्या वर शब्द नकोत. फुगा आधी काढा, माणसे नंतर. उलटे केले की मीराचे डोके कापले जाते.

अनुस्वाराचा ठिपका जाड द्या. पेपरच्या कागदावर बारीक ठिपका उडतो आणि 'बापूची चिंता' ही 'बापूची चिता' होते. शाई पसरते, त्यामुळे 'घ' आणि 'ध' यांच्या पोटातली जागा मोकळी ठेवा. मूळ चित्रात ०.६ मिमीपेक्षा बारीक रेघ मारू नका, आणि करड्या छटेसाठी दाट जाळीपेक्षा सरळ काळे ठसे वापरा. भुयारातल्या गोष्टीला ते शोभतातही.

साठा आणि ऋतू

सुरू करण्याआधी चार आठवड्यांच्या पट्ट्या पूर्ण आणि आठ आठवड्यांचे संवाद तयार हवेत. साठा दोन आठवड्यांवर आला की लेखक घाबरतो आणि पहिला बळी चित्राचा नाही, वेगाचा जातो: माणसे उभी राहून बोलू लागतात, कारण ते काढायला सोपे असते.

प्रत्येक पट्टीवर क्रमांक आणि तारीख दोन्ही लिहा, क्रमांक छापूनही येऊ द्या. जाहिरातीसाठी एखादा दिवस पट्टी गळते किंवा दोन पट्ट्यांची अदलाबदल होते. क्रमांक असला तर वाचक स्वतःच सांधा लावतो.

छापून येण्याचा ऋतू धरून लिहा, लिहिण्याचा नव्हे. एप्रिलमध्ये काढलेली पट्टी जूनअखेर येणार असेल तर मुठेचे पात्र कोरडे दाखवू नका. अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावरून जीप पळवली तर अख्खे पुणे तुम्हाला अडवेल. तोच पाठलाग मिरवणुकीच्या गर्दीतून पायी केला तर मात्र ढोलांच्या आवाजात मीराची हाक बापूला ऐकू न जाण्याचे कारण आयते मिळते.

गोष्ट संपवताना

तेराव्या आठवड्याच्या शनिवारी सगळे उलगडून मोकळे होऊ नका. वाचक गळतो तो कंटाळून जितका, तितकाच समाधान पावून. पुढच्या गोष्टीचे बीज अकराव्या आठवड्यात टाका, एखादी वस्तू किंवा नाव, जे सध्याच्या संकटात कोणाच्या लक्षात येत नाही. नळाचे रहस्य बुधवारी संपवा. गुरुवारी मीरा हातपाय धुऊन वाड्याच्या ओट्यावर बसलेली असावी, बापू चहा ओतत असावा, आणि तिसऱ्या चौकटीत पोस्टमनने आणलेल्या पाकिटावर तेच नाव असावे, जे दोन आठवड्यांपूर्वी भुयाराच्या भिंतीवर कोरलेले दिसले होते.