कारखान्याच्या पर्यावरण आणि ऊर्जा विभागाची धुरा कशी सांभाळावी

महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमधील मध्यम आकाराच्या कारखान्यांत, मग तो रंगद्रव्यांचा असो, औषधांच्या कच्च्या मालाचा असो वा दुग्धप्रक्रियेचा, पर्यावरण आणि ऊर्जा या दोन्ही विषयांची जबाबदारी पुष्कळदा एकाच अभियंत्यावर येऊन पडते. त्याच्या हाताखाली माणसे थोडी असतात, उत्पादन विभागावर त्याचा हुकूम चालत नाही, आणि तरीही कारखान्याच्या चिमणीतून व नाल्यातून जे बाहेर पडते त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. अशा पदावर पहिल्यांदाच आलेल्या अभियंत्याने काम कसे हाती घ्यावे, हे येथे सांगायचे आहे. माझ्या मते या पदाला जे काही वजन मिळते ते खऱ्या आकड्यांमुळे मिळते. हे आकडे कोण नोंदवणार, ते कोणाला दिसणार आणि त्यांवरून निर्णय कोण घेणार, याची घडी बसवणे हेच या पदाचे नेतृत्व होय.

संमतीपत्रापासून सुरुवात

रुजू झाल्यावर सर्वांत आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र ओळ न् ओळ वाचावे. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि घातक कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम यांखालच्या परवानग्या त्यात एकत्र दिलेल्या असतात. कोणते उत्पादन किती टनांपर्यंत घ्यायचे, रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायचे, इंधन कोणते वापरायचे, चिमणी किती उंच हवी, घातक कचरा कोठे पाठवायचा, हे सारे त्यात असते. मात्र हा कागद कपाटात राहतो आणि प्रत्यक्ष प्लांट चालवणाऱ्यांनी तो पाहिलेलाही नसतो. म्हणून प्रत्येक अटीसमोर जबाबदार व्यक्तीचे पद, तपासणी किती दिवसांनी करायची आणि पुरावा म्हणून काय जपायचे हे लिहून एक तक्ता करावा, आणि तो शिफ्टमधल्या माणसांना समजेल अशा मराठीत वा हिंदीत लावावा. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात ठेवता येत नाही, त्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते. या तारखा त्याच तक्त्यात असाव्यात.

वाचताना बहुधा एक विसंगती सापडते. संमतीपत्र जुने असते आणि मधल्या काळात उत्पादन वाढलेले किंवा बदललेले असते. अशी तफावत आढळली तर ती त्याच आठवड्यात व्यवस्थापनाला लेखी कळवावी आणि सुधारित संमतीसाठी अर्ज करण्याचा आग्रह धरावा. नंतर सांगू असे म्हणून ती बाजूला ठेवली, तर पुढच्या प्रत्येक अहवालात तीच गोष्ट झाकत राहण्याची वेळ येते.

पाण्याचा हिशेब

यानंतर आठवडाभर कारखाना पायी फिरावा. पाणी जिथून आत येते त्या मीटरपासून सांडपाणी जिथून बाहेर जाते त्या मीटरपर्यंत प्रत्येक वाट नजरेखालून घालावी आणि येणारे पाणी बॉयलर, कूलिंग टॉवर, प्रक्रिया, धुलाई, स्वच्छतागृहे व बाग यांत कसे वाटले जाते याचा ताळेबंद मांडावा. पहिल्या प्रयत्नात तो जुळत नाही. मीटर बंद असतो, जमिनीखालची वाहिनी गळत असते, किंवा एखाद्या विभागाचे धुलाईचे पाणी पावसाळी गटारात जात असते. यातले शेवटचे कारण सर्वांत गंभीर होय, कारण पावसाळी गटार थेट नाल्याला मिळते आणि नाला पुढे खाडीला किंवा नदीला. कोकणात पाऊस जूनमध्ये कोसळू लागतो, तेव्हा मे महिन्याच्या आत सांडपाण्याचे आणि पावसाळी पाण्याचे अशी दोन्ही जाळी पूर्ण वेगळी झाली आहेत, ड्रम ठेवण्याची जागा छपराखाली आहे आणि पावसाळी गटाराच्या शेवटच्या तोंडावर बंद करता येईल असे गेट आहे, हे स्वतः पाहावे.

लॉगबुक आणि ऑपरेटर

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे, म्हणजे ईटीपीचे लॉगबुक उघडून मागच्या तीन महिन्यांची पाने चाळावीत. सर्व शिफ्टमध्ये सामू (पीएच) ७.२ आणि सीओडी (पाण्यातील प्रदूषकांच्या रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) १८० असेच आकडे ओळीने दिसत असतील तर ते मोजलेले नाहीत. सीओडीची मर्यादा साधारणतः लिटरला २५० मिलिग्रॅम असते. तिच्या आत बसणारा आकडा लिहिला की कोणी काही विचारत नाही, हे ऑपरेटर अनुभवाने शिकलेला असतो. हा माणूस अनेक ठिकाणी कंत्राटी असतो आणि त्याचा पगारही कमी असतो. त्याच्यावर रागावून काही साधत नाही. वाईट आकडा खरा लिहिला तर शिक्षा होणार नाही आणि चांगला आकडा खोटा लिहिला तर मात्र होईल, हा नियम व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावा, सर्व शिफ्टना समजावून सांगावा आणि पहिला वाईट आकडा समोर येईल त्या दिवशी तो तंतोतंत पाळावा. त्या एका दिवसाकडे सगळा प्लांट पाहत असतो.

खरे आकडे यायचे तर ते कामाला येणारे असले पाहिजेत. बीओडीची, म्हणजे जिवाणूंना प्रदूषके पचवायला लागणाऱ्या प्राणवायूची, चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, म्हणून आजचा निर्णय तिच्यावर घेता येत नाही. रोजच्या नियंत्रणासाठी काही तासांत होणारी सीओडी चाचणी, वायुवीजन टाकीतील (जिथे जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडतात) विरघळलेला प्राणवायू आणि अर्ध्या तासात गाळ किती बसतो याची साधी काचपात्रातली चाचणी पुरेशी असते, आणि त्या ऑपरेटरला स्वतः करता येतात. त्याचबरोबर उत्पादन विभागाशी एक लेखी करार करावा: जास्त सीओडीचे किंवा जास्त क्षारांचे पाणी सोडण्यापूर्वी ईटीपीला कळवायचे, आणि समतोल टाकीत (जिथे वेगवेगळे सांडपाणी प्रक्रियेआधी एकत्र साठवतात) जागा नसेल तर ते पाणी रोखून धरायचे. असे तीव्र पाणी उगमाशीच वेगळे काढून बाष्पीभवन यंत्रणेकडे नेता आले, तर जैविक प्रक्रियेतील निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत असे माझे ठाम मत आहे.

पाणी रोखायचे म्हणजे प्रसंगी उत्पादनाची चालू खेप, म्हणजे बॅच, थांबवावी लागते. हा अधिकार मागताना विरोध होतो, आणि तरीही तो मागितलाच पाहिजे. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा साठवण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. संरक्षक यंत्रणा बंद असताना प्लांट चालू राहू शकला, हे त्या रात्रीच्या कारणांपैकी एक मोठे कारण आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यानंतर आला. कोणती यंत्रणा बंद असताना उत्पादन चालवायचे नाही, याची छोटी यादी कारखान्याच्या प्रमुखाच्या सहीने नियंत्रण कक्षात लावलेली असावी.

ऊर्जा: आधी गळती, मग सौर पॅनेल

स्वच्छ ऊर्जेचा विषय निघाला की बैठकीत सौर प्रकल्पाचे प्रस्ताव येतात. त्याआधी वाया जाणारी वीज थांबवावी, कारण ती थांबवायला भांडवल कमी लागते आणि नंतरचा सौर प्रकल्पही योग्य आकाराचा ठरतो. सुट्टीच्या दिवशी दाबाखालच्या हवेचा वापर पूर्ण बंद करून ती पुरवणारा कॉम्प्रेसर चालू ठेवावा आणि तो किती वेळ भाराखाली (हवा भरत) व किती वेळ भाराविना चालतो हे घड्याळ लावून पाहावे; भाराखालच्या वेळेला एकूण वेळेने भागले की गळतीचे प्रमाण मिळते. देखभाल नसलेल्या जाळ्यात ते २० ते ३० टक्क्यांपर्यंत सहज जाते. बॉयलरच्या धुराचे तापमान सुमारे २२ अंशांनी उतरले की कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने वाढते, आणि फीड वॉटरचे, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे, तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्क्याने वाचते; म्हणून कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी, परत आणणारी वाहिनी गळत असेल तर ती आधी दुरुस्त करावी.

पर्यावरण आणि ऊर्जा एकाच माणसाकडे असण्याचा खरा लाभ ईटीपीच्या ब्लोअरपाशी, म्हणजे वायुवीजन टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रापाशी, दिसतो. प्रकल्पातील वीज सर्वांत जास्त तिथेच लागते आणि प्राणवायू पुरेसा असतानाही ब्लोअर रात्रंदिवस पूर्ण वेगाने चालतात. विरघळलेला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास राखून व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाने, वेग कमी करता येतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते हे गणित पंखे आणि सेंट्रिफ्यूगल पंपांचे आहे. ईटीपीत पुष्कळदा असणाऱ्या ट्विन लोब (दोन फिरत्या पात्यांनी हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरमध्ये बचत साधारणपणे वेगाच्या प्रमाणातच होते. विक्रेत्याने पहिले गणित दुसऱ्या यंत्राला लावले असेल तर ते मंजुरीपूर्वी दुरुस्त करून घ्यावे, अन्यथा वर्षअखेरीस कागदावरची बचत बिलात दिसत नाही आणि पुढच्या प्रत्येक प्रस्तावावरचा विश्वास उडतो.

यानंतर सौर ऊर्जेकडे वळावे. एक किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि महाराष्ट्रात त्यापासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते; पण जुन्या पत्र्यांचे छप्पर हा भार पेलेल का, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. छप्पर अपुरे असेल तर २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी किमान मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे, त्यामुळे मध्यम कारखान्यालाही बाहेरून सौर वीज घेण्याचा मार्ग खुला आहे. समूह कॅप्टिव्ह पद्धतीत, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी वीज प्रकल्पात भागीदारी घेण्याच्या पद्धतीत, ग्राहकांकडे किमान २६ टक्के भागभांडवल असावे लागते आणि निर्माण झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरावी लागते. करार करण्यापूर्वी सर्व अधिभार आणि दिवसाच्या वेळेनुसारचे दर धरून हिशेब मांडावा, आणि चिलर व पंपांचा जो भार दुपारी नेता येईल तो आधी नेऊन पाहावा. बॉयलरसाठी कोळशाऐवजी बायोमास ब्रिकेट (शेतातील काडीकचऱ्याचे दाबून केलेले ठोकळे) आणायचे असतील तर संमतीपत्रातील इंधन बदलून घ्यावे लागते आणि चिमणीतील धूलिकण नव्याने मोजावे लागतात. कार्बन घटतो म्हणून शेजारच्या वस्तीवर राख पडलेली चालणार नाही.

उत्पादनाच्या बैठकीत स्थान

हे सारे वेगळ्या पर्यावरण बैठकीत मांडले तर तिथे फक्त आपला विभाग असतो. म्हणून रोजच्या उत्पादन बैठकीत पहिली दहा मिनिटे मागावीत आणि एकाच फलकावर टन उत्पादन, टनामागे युनिट, टनामागे घनमीटर पाणी आणि टनामागे किलो गाळ हे चार आकडे लिहावेत. महिन्याचे बिल उत्पादनानुसार वरखाली होते, म्हणून त्यावरून काही कळत नाही. बारा महिन्यांचे उत्पादन आणि विजेचा वापर आलेखावर मांडून रेषा काढली, तर उत्पादन शून्य असतानाही किती वीज जाते ते दिसते. व्यवस्थापनाला पटवून देण्यासाठी याहून प्रभावी कागद मला माहीत नाही. पद सांभाळत असतानाच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा द्यावी. तीन पेपर आहेत, आणि चौथा दिला की ऊर्जा लेखापरीक्षक होता येते.

कुंपणाबाहेर

अपघाती गळती झाली तर मंडळाला तत्काळ कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. रात्री दोन वाजता तो फोन कोण करणार, हे आधी ठरलेले असावे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. ग्रामपंचायतीकडे आपला एक क्रमांक द्यावा. वासाची वा नाल्याच्या रंगाची तक्रार आली की वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्या वेळी चालू असलेली बॅच नोंदवावी, स्वतः जागेवर जाऊन पाहावे आणि काय आढळले ते त्याच दिवशी तक्रारदाराला कळवावे, दोष आपला असला तरीही. अशा नोंदी काही महिने साठल्या की ठरावीक उत्पादन आणि ठरावीक तक्रार यांची सांगड दिसू लागते; ती दिसली की दुसऱ्या दिवशीच्या उत्पादन बैठकीत त्या बॅचचा स्क्रबर (बाहेर पडणारे वायू द्रावणाने धुणारे यंत्र), त्याचा पंप आणि त्यातील द्रावणाचा सामू यांची तपासणी पहिल्या विषयात घ्यावी.