गव्हाला युरियाचा दुसरा हप्ता: मुळं बघून वेळ कशी ठरवावी

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला महाराष्ट्रात हेक्टरी १२० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी ४८ किलो. निम्मं पेरताना, निम्मं पहिल्या पाण्याला. पेरताना एकरी ५० किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेलं खत) दिलं की त्यातून ९ किलो नत्र येतं. उरलेल्या १५ किलोसाठी ३३ किलो युरिया. हा युरिया शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी फोकून, म्हणजे हाताने सगळीकडे पसरून, मातीत मिसळा. बियाण्याला लागून पडला तर त्यातून सुटणारा अमोनिया कोंब जाळतो.

पहिले दहा-बारा दिवस रोप मुख्यतः दाण्यातल्या साठ्यावर जगतं. मग अठराव्या दिवसापासून शेतात चार ठिकाणी रोपं खुरप्याने मातीसकट काढा आणि पाण्यात अलगद धुवा. खाली दाण्याचं पोकळ टरफल आणि त्याची बारीक बीजमुळं दिसतील. त्याच्या वर, जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, एक गाठ असते. तिथून पांढरी, जाडसर टोकं बाहेर पडू लागली असतील तर ती मुकुटमुळं. फुटवेही याच गाठीपासून येतात. पाणी आणि युरिया देण्याची वेळ हीच, बहुतेक १८ ते २१ दिवसांत. पेर आठ सेंटिमीटरच्या खाली गेली असेल तर रोपाची ताकद वर येण्यातच खर्च होते, मुकुटमुळं उशिरा येतात. तिथे थोडं थांबा.

दुसऱ्या हप्त्याचं २४ किलो नत्र म्हणजे ५२ किलो युरिया: ४५ किलोची एक गोणी आणि वर सात किलो. दव उतरल्यावरच फोका, ओल्या पानांवर दाणे चिकटले की शेंडे करपतात. भारी जमिनीत फोकून लगेच हलकं पाणी द्या. काळ्या मातीवर उघडा राहिलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो. हलक्या जमिनीत मात्र आधी पाणी, मग पाय टिकू लागला की युरिया; नाहीतर विरघळलेला युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातो.

मातीत युरियाचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळांत शिरलं की बरंचसं तिथेच अमिनो आम्लांत बदलतं. नायट्रेट पाण्याबरोबर मुळांपर्यंत येतं, त्यातलं पुष्कळ वर पानांत जातं आणि तिथे उजेडाच्या जोरावर वापरलं जातं. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानांतली प्रथिनं मोडून नव्या पानांना पुरवतं. म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडतात. वरची कोवळी पानं आधी पिवळी दिसली तर गंधक किंवा लोह तपासा, युरिया वाढवू नका.

पाणी साचलेल्या सऱ्यांतही खालची पानं पिवळी पडतात. तिथे मुळांना हवा नसते आणि नायट्रेट वायू होऊन जातं. आधी पाणी काढा, वाफसा (माती ओलसर पण मोकळी) येऊ द्या, मग दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी फवारा. मक्याचं किंवा ज्वारीचं धसकट पेरणीच्या तोंडावर गाडलं असेल तर ते कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. अशा शेतात पेरणीचा हप्ता कधीच चुकवू नका.