परक्या पद्धतीच्या टीव्हीवर कॅमकॉर्डरचे चित्रीकरण कसे पाहावे

जुना कॅमकॉर्डर दुसऱ्या देशातल्या टीव्हीला जोडल्यावर आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण चित्र कृष्णधवल दिसते किंवा आडवा काळा पट्टा घेऊन सारखे वर-खाली सरकत राहते, तेव्हा टेप खराब झाली असे लगेच समजू नये. बहुधा टेप शाबूत असते आणि पद्धत जुळत नसते. पद्धत म्हणजे टीव्हीचे चित्र पाठवण्याची ठरलेली रीत; ती देशोदेशी वेगळी असते, आणि एनटीएससी, पॅल व सेकाम ही अशा पद्धतींची नावे. एनटीएससीमध्ये ५२५ रेषा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम असतात, पॅलमध्ये ६२५ रेषा आणि २५ फ्रेम. सेकामची रेषा-फ्रेमची मोजणी पॅलसारखीच असून फक्त रंग पाठवण्याची रीत निराळी आहे.

लक्षणांवरून पुष्कळ काही कळते. चित्र स्थिर पण रंगहीन असेल, तर टीव्हीला गती (सेकंदाला येणाऱ्या फ्रेम) झेपते आहे, रंग तेवढे उलगडत नाहीत. चित्र सरकतच असेल, तर गतीच झेपत नाही. पहिल्या स्थितीत टीव्हीच्या मेनूतील ‘कलर सिस्टम’ ऑटोवर ठेवून पाहावे. पॅल टीव्हींपैकी अनेकांना एनटीएससी चालते. उलट दिशेने असे क्वचितच घडते.

टेप शक्यतो ज्या पद्धतीत चित्रण झाले त्याच पद्धतीच्या कॅमेऱ्यात वाजवावी, आणि तो सुरू करण्यापूर्वी चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापले आहे ना, हे पाहून घ्यावे. कॅमेऱ्याच्या एव्ही केबलमधूनही मूळ पद्धतीचाच सिग्नल बाहेर पडतो, त्यामुळे केबल बदलून काही साधत नाही.

माझ्या मते खरा उपाय संगणकात आहे, कारण त्याचा पडदा यांपैकी कोणत्याच पद्धतीला बांधलेला नसतो. मिनीडीव्ही किंवा डिजिटल८ या डिजिटल टेप असल्यास फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल केबलने) ती आहे तशी उतरवावी. तासाभराच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते. व्हिडिओ८, हाय८ किंवा व्हीएचएस-सी ही अ‍ॅनालॉग टेप असल्यास कॅप्चर उपकरण (कॅमेऱ्याचा सिग्नल संगणकात फाइल म्हणून उतरवणारे) लागते, आणि इथेच हमखास चूक होते: सॉफ्टवेअरमध्ये पद्धत निवडताना लोक आपल्या टीव्हीची निवडतात, निवडायची असते ती टेपची.

उतरवलेल्या फाइलमध्ये हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर घाबरू नये. प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते आणि ती दोन्ही एका क्षणाची नसतात. डीइंटरलेस करताना, म्हणजे या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे बनवताना, सेकंदाला ५० (एनटीएससीसाठी ५९.९४) चित्रे ठेवावीत, म्हणजे मूळची सहज हालचाल टिकते. २५ फ्रेमचे ३० मात्र विनाकारण करू नयेत; कॅमेरा आडवा फिरवलेल्या दृश्यात ते झटके लगेच डोळ्यांत खुपतात.

फाइल पेनड्राइव्हवर घालून आजच्या टीव्हीला लावली, तर बहुधा दोन्ही पद्धतींचे चित्रण चालते. ज्यांच्याकडे फक्त जुना डीव्हीडी प्लेयर आहे, त्यांच्यासाठी एका प्रतीचे त्यांच्या टीव्हीच्या पद्धतीत रूपांतर करावे आणि मूळ फाइल तशीच जपावी. रीजन कोड (विकत घेतलेली डिस्क ठरावीक प्रदेशातल्याच प्लेयरवर चालावी म्हणून घातलेली खूण) ही वेगळी भानगड आहे: घरी बनवलेल्या डिस्कला तो नसतो, त्यामुळे प्लेयरचा रीजन बदलत बसण्यात अर्थ नाही.

हाय डेफिनिशन कॅमेऱ्यांत रेषांचा फरक मिटला, पण ५० आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे याचा, राहिला. एचडीएमआयने जोडूनही ‘सिग्नल नाही’ असेच दिसत असेल, तर तिथेही फाइल संगणकावर घेऊन पाहावी.