बिलिंग काउंटरवरील टचस्क्रीन कॅलिब्रेट करताना

‘साखर’वर बोट ठेवावे आणि बिलात शेजारचे ‘मीठ’ चढावे, असे दिवसातून चार वेळा होऊ लागले की काउंटरवरच्या स्क्रीनचा टच सरकला आहे, असे समजावे. तो पुन्हा चित्राशी जुळवून घेणे म्हणजे कॅलिब्रेशन. जुन्या बिलिंग मशिनांत बहुधा रेझिस्टिव्ह स्क्रीन असते. तिच्यातील दोन पारदर्शक थर बोटाच्या दाबाने एकमेकांना टेकतात आणि त्या जागच्या व्होल्टेजवरून स्पर्शाचे स्थान ठरते. वापराने थर झिजले की हा हिशेब चुकू लागतो. मोबाइलच्या कपॅसिटिव्ह, म्हणजे दाबाशिवाय नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या, स्क्रीनला कॅलिब्रेशनची गरज सहसा पडत नाही.

मात्र घाईने कॅलिब्रेशनला हात घालू नये. आधी विंडोजमधील ‘पेंट’ हा चित्र काढण्याचा प्रोग्राम उघडून स्क्रीनच्या चारही कडांलगत बोटाने सावकाश रेघा ओढाव्यात. रेघ सरळ असून सगळीकडे सारखीच बाजूला उमटत असेल, तर दोष कॅलिब्रेशनचा आहे. ती मध्येच तुटत असेल किंवा बोट न लावताही पॉइंटर कडेला धावत असेल, तर कॅलिब्रेशनने काही साधणार नाही. किराणा दुकानात पिठाचे किंवा मसाल्याचे कण काच आणि चौकट यांच्या फटीत साचतात आणि तिथे जणू कोणी सतत बोट दाबून धरल्यासारखे होते. अशा वेळी मशिन बंद करून त्या फटीतून जाड कागदाचा कोपरा हलकेच फिरवावा आणि काच कोरड्या, मऊ फडक्याने पुसावी.

विंडोज 10 असेल तर कंट्रोल पॅनलमधील ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘कॅलिब्रेट’ दाबावे आणि टच इनपुटचा पर्याय निवडावा. ग्राहकासाठी दुसरी स्क्रीन जोडलेली असल्यास, टच नेमका कोणत्या स्क्रीनचा आहे हे आधी ‘सेटअप’मधून सांगावे. स्क्रीनच्या कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारे सॉफ्टवेअर) असेल, तर त्याच्यासोबत आलेलाच कॅलिब्रेशन प्रोग्राम वापरावा.

यानंतर स्क्रीनवर एकेक फुली दिसते आणि तिच्यावर बोट टेकवायचे असते. हे काम रोज बिल करणाऱ्या व्यक्तीनेच, ती जिथे आणि जशी उभी राहते किंवा बसते तिथूनच करावे, असा माझा आग्रह आहे. कारण चित्र काचेखाली आणि बोट काचेवर असल्याने नजर बदलली की फुलीची जागाही बदललेली भासते. प्रत्येक फुलीच्या बरोबर मध्यावर बोटाचे टोक किंवा बोथट स्टायलस (स्क्रीनवर टेकवायची कांडी) टेकवावा. एखादी फुली चुकल्यास माउसचे उजवे बटण दाबून मागे जाता येते आणि ‘एस्केप’ने काम सोडून देता येते. शेवटी ‘सेव्ह’ करून पेंटमध्ये पुन्हा त्याच रेघा ओढून पाहाव्यात. अजूनही बिनसलेले वाटल्यास ‘रीसेट’ करून पहिल्या फुलीपासून सुरुवात करावी.