दंडाच्या पट्ट्यावरून केंद्रीय रक्तदाब मोजताय? या चुका टाळा

केंद्रीय रक्तदाब म्हणजे हृदयातून निघणाऱ्या महाधमनीतला दाब. तो दंडाला पट्टा बांधून काढणारी यंत्रं महाधमनीपर्यंत पोचत नाहीत. ती आधी दंडाचं बीपी घेतात, मग पट्ट्यात हवा धरून नाडीच्या लाटेचा आकार टिपतात आणि त्यावरून गणित मांडतात. म्हणजे दंडावर केलेली चूक केंद्रीय आकड्यातही उतरणारच.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्यांदा हवा भरते तेव्हा होतो. बीपी आलं, हवा गेली, की रुग्ण हात उचलतो; कधी सिस्टरच पट्टा सोडायला घेतात. यंत्र मात्र काही सेकंदांनी पुन्हा हवा भरतं आणि मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १० सेकंद दाब धरून ठेवतं. बहुतेक यंत्रांत हा दाब खालच्या आकड्याच्या आसपास असतो, काहींत वरच्याच्याही वर. तेवढ्यात बोट हललं, खोकला आला, नुसतं "झालं का जी?" विचारलं तरी लाट बिघडते. म्हणून आधीच सांगून ठेवा: "काकाजी, पट्टा दोनदा फुगंल. मी म्हणेपर्यंत हलू नका, बोलू नका." लाटेचा दर्जा खराब दाखवला तर तो आकडा लिहूच नका, एक मिनिट थांबून परत घ्या.

दुसरी चूक पट्ट्याच्या मापाची. उपकेंद्रात सहसा २२ ते ३२ सेंमीचा एकच पट्टा असतो आणि तोच सगळ्यांना लागतो. निंदणाला जाणाऱ्या कित्येक बायांचा दंड २२ सेंमीसुद्धा भरत नाही. मोठ्या, सैल पट्ट्यात आकडा कमी येतो आणि लाटही पुसट. लहान पट्ट्यात आकडा फुगतो. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर टेपने घेर मोजा. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या २-३ सेंमी वर बांधा. बाही गुंडाळून वर घट्ट वळ होत असेल तर हात बाहीतून काढायला सांगा.

बाजेवर बसवून हात मांडीवर ठेवला की तो हृदयाच्या खाली जातो. १० सेंमी खाली गेला तर बीपी ७-८ मिमी (पाऱ्याचे) जास्तीचं दिसतं. पाठीला टेका, पाय जमिनीवर, हाताखाली उशी.

खर्रा तोंडात असताना मोजू नका. तंबाखू आणि चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. एरवी पाच मिनिटांची विश्रांती पुरते, पण भर उन्हात वावरातून आलेल्याला पाणी देऊन सावलीत जास्त वेळ बसवा. यंत्रालाही ऊन सोसत नाही: बऱ्याच मॉडेलांची वापराची मर्यादा ४० अंशांची आहे आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

काही यंत्रं वय आणि उंचीही गणितात धरतात. आधारवर १ जानेवारी जन्मतारीख असलेले आजोबा खरोखर किती वर्षांचे, हे घरच्यांना विचारा. उंची अंदाजे टाकू नका, मोजा.

केंद्रीय वरचा आकडा दंडापेक्षा जास्त आला, आता? सहसा तो कमी असतो. तरुणांत फरक मोठा, म्हाताऱ्यांत थोडा. खालचा आकडा जवळपास सारखाच. उलटं दिसलं तर आधी कॅलिब्रेशनची, म्हणजे लाटेला दंडाच्या बीपीचं माप लावण्याची, सेटिंग पाहा: लाट वरच्या-खालच्या आकड्यांवर बसवली आहे की सरासरी दाब आणि खालच्या आकड्यावर? दुसऱ्या पद्धतीत केंद्रीय आकडा दंडाच्याही वर जाऊ शकतो, यंत्र बिघडलेलं नसतं. पण एकाच रुग्णाचे महिन्या-महिन्याचे आकडे वेगवेगळ्या सेटिंगवर किंवा वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर घेतले, तर ती तुलना फुकट जाते.

नाडी अनियमित असेल तर लाटेच्या आकड्यावर भरवसा नको. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर) असलेल्या हाताला पट्टा बांधायचाच नाही. आणि गोळी वाढवायची की नाही, हे आजही दंडाच्या बीपीवरच ठरतं. कार्डावर दोन्ही आकडे, हात कोणता, पट्ट्याचं माप आणि सेटिंग लिहा.