व्याख्यानगृहाची तयारी शेवटच्या रांगेत बसून तपासावी

नागपुरात मेडिकल आणि मेयो या नावांनी ओळखली जाणारी दोन शासकीय महाविद्यालये, मिहानमधील एम्स आणि हिंगणा परिसरातील खासगी महाविद्यालये, अशा सगळ्याच आवारांत नियमित तासांखेरीज सीएमई (डॉक्टरांसाठीचे निरंतर वैद्यकीय शिक्षण), कार्यशाळा, अतिथी व्याख्याने आणि परिषदा होत असतात. त्यांच्या तयारीचा भार बहुधा एखादा सहायक प्राध्यापक, दोघे-तिघे निवासी डॉक्टर आणि सभागृहाची किल्ली सांभाळणारा परिचर यांच्यावर येतो, आणि पुढील यादी त्यांच्यासाठीच लिहिली आहे. तिच्यात एकच आग्रह आहे: प्रत्येक सोय शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तपासावी. पहिल्या रांगेत पाहुणे आणि विभागप्रमुख बसतात, त्यांना सगळे दिसते आणि ऐकू येते, म्हणून त्यांच्याकडून तक्रार येत नाही. मागच्या विद्यार्थ्याला दिसले नाही तर तोही तक्रार करत नाही, तो गुपचूप मोबाइल काढतो आणि वक्त्याची तासाभराची मेहनत त्याच्यापुरती वाया जाते.

तारीख ठरवतानाच ऋतू लक्षात घ्यावा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो, आणि पुष्कळ प्रोजेक्टरांची कामाची कमाल मर्यादा ४० अंशांची असते. छताजवळ टांगलेल्या यंत्राभोवती तर खोलीतली सर्वांत गरम हवा साचलेली असते. वातानुकूलन दुपारी बंद पडले तर प्रोजेक्टर स्वतःहून बंद होण्याची शक्यता धरून चालावे, आणि उन्हाळ्यात प्रतिमांवर आधारलेली सत्रे सकाळी घ्यावीत. धुळीच्या दिवसांत गाळणी तुंबते, हवा खेळत नाही आणि यंत्र लवकर तापते. म्हणून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गाळणी साफ करून घ्यावी, तेव्हाच दिव्याचे किती तास झाले तेही मेनूमध्ये पाहून घ्यावे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात असेल, तर बाहेरगावच्या वक्त्यांच्या निवासाची आणि वाहनांची सोय बरीच आधी करावी लागते. पावसाळ्यात गळणाऱ्या कोपऱ्याखाली वायरींचा जोड नाही ना, एवढे पाहिले की पुरते.

विजेची तपासणी कागदावर करू नये. जनरेटर आहे, या उत्तरावर समाधान मानू नये; तो सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात बंद पडलेला संगणक पुन्हा उभा राहायला काही मिनिटे घेतो. जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरचा तर आणखी एक स्वभाव असतो: तापलेला दिवा अचानक विझला की तो थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. लेझर प्रोजेक्टरला ही अडचण येत नाही. म्हणून पोडियमवरचा संगणक, प्रोजेक्टर, ध्वनीचा मिक्सर आणि नेटवर्क स्विच एवढीच साधने यूपीएसवर ठेवावीत आणि एसी, कूलर, चहाची किटली यांना त्या जोडणीपासून लांब ठेवावे. शासकीय इमारतीत ही व्यवस्था बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते; तिच्या कर्मचाऱ्याला बोलावून, सगळी यंत्रे चालू असताना मुख्य पुरवठा प्रत्यक्ष बंद करून पाहावा. यूपीएस किती मिनिटे टिकतो हे घड्याळ लावून मोजले की वक्त्याला थांबवायचे की बोलू द्यायचे, याचा निर्णय त्या वेळी घाईत घ्यावा लागत नाही.

आता पडद्याकडे वळू. वैद्यकीय व्याख्यानगृहाला इतर विद्याशाखांपेक्षा पडदा अधिक काटेकोर लागतो, कारण येथे अक्षरे वाचली जातात तशी क्ष-किरणांतली बारीक भेग आणि ऊतीच्या काचेवरील पेशीचे केंद्रकही ओळखायचे असते. दृक्‌श्राव्य व्यवस्थेत वापरला जाणारा एक जुना आडाखा असा आहे की साधा मजकूर पाहायचा असेल तर सर्वांत दूरचा प्रेक्षक चित्राच्या उंचीच्या आठपटीपेक्षा दूर नसावा, आणि बारकावे तपासायचे असतील तर चारपटीपेक्षा दूर नसावा. चित्राची उंची २ मीटर असेल तर १६ मीटरपर्यंत मजकूर वाचता येतो, परंतु फुप्फुसातली सूक्ष्म छाया ८ मीटरच्या पलीकडे दिसेल याची खात्री धरता येत नाही. खोल गॅलरीच्या सभागृहात निम्मे विद्यार्थी त्या रेषेच्या मागे बसलेले असतात. यावर दोन उपाय आहेत: मधल्या रांगांच्या बाजूच्या भिंतींवर वेगळे पडदे लावावेत, किंवा वक्त्याने पूर्ण फिल्म एकदा दाखवून लगेच संबंधित भाग पडदाभर मोठा करून दाखवावा. दुसऱ्या उपायाला खर्च नाही, पण तो वक्त्याला आधी कळवावा लागतो.

हाच हिशेब घरी बसूनही करता येतो. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण १९ सेंटीमीटर असते. तिच्या आठपट, म्हणजे सुमारे दीड मीटर मागे सरकून स्लाइड वाचून पाहिली, की ती शेवटच्या रांगेतून कशी दिसेल ते कळते. २४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर या चाचणीत सहसा टिकत नाही. जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागाच्या स्लाइड अनेकदा मराठीत असतात आणि देवनागरीला वर-खाली मात्रा, रफार, उकार यांची जागा लागत असल्याने त्याच पॉइंटात मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते. तेथे २८ किंवा ३२ पॉइंट ठेवावेत.

प्रोजेक्टर कितीही प्रखर असला तरी पडद्यावर पडणारा खोलीतला प्रकाश त्याचे काम हिरावून घेतो. ५,००० ल्युमेनचा प्रकाश साडेतीन बाय दोन मीटरच्या पडद्यावर पसरला तर प्रत्येक ठिकाणी सुमारे ७०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) मिळतात. मजकुरासाठी उजळ आणि काळ्या भागाचे प्रमाण किमान १५ आणि प्रतिमेच्या बारीक निरीक्षणासाठी ५० असावे, अशी प्रचलित मार्गदर्शक मर्यादा आहे. त्यानुसार मजकुराच्या वेळी पडद्यावरचा बाहेरचा प्रकाश ५० लक्सच्या आत आणि क्ष-किरण चित्रांच्या वेळी १५ लक्सच्या आत हवा. मोबाइलमधल्या लक्समापकावर याचा ढोबळ अंदाज येतो. म्हणून पडद्यावरच्या दिव्यांचे बटण वेगळे आहे का आणि ते कोणते, हे शोधून त्यावर पट्टी चिकटवावी. सगळे दिवे मालवून अंधार करणे हा उपाय नव्हे, कारण विद्यार्थ्यांना टिपणे घ्यायची असतात आणि गॅलरीच्या पायऱ्या दिसायला हव्यात. पश्चिमेकडच्या खिडक्यांचे पडदे सकाळी तपासून काहीच कळत नाही. दुपारी तीनला, ज्या वेळी सत्र आहे त्याच वेळी जाऊन ते ओढून पाहावेत.

लेझर पॉइंटरबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे समान शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्यापेक्षा कितीतरी ठळक दिसतो. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या ऊतीच्या चित्रावर लाल ठिपका जवळजवळ हरवतो, आणि लाल-हिरव्यात गफलत होणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असणारच. पॉइंटर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचाच घ्यावा. बाजारात मिळणारे अतिप्रखर पॉइंटर डोळ्यांना अपायकारक आहेत आणि वैद्यकीय आवारात ते वापरणे शोभत नाही. जेथे दोन पडदे आहेत किंवा ध्वनिचित्रमुद्रण चालू आहे, तेथे लेझरचा ठिपका दुसऱ्या पडद्यावर येतच नाही आणि मुद्रणातही बहुधा उमटत नाही, म्हणून माउसचा मोठा केलेला बाण वापरण्याची विनंती वक्त्याला करावी.

आवाजाची चाचणी सर्वत्र ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणून उरकली जाते आणि तिच्यातून काहीही सिद्ध होत नाही. शेवटच्या रांगेत एका निवासी डॉक्टरला वही देऊन बसवावे आणि व्यासपीठावरून हायपोकॅलेमिया, हायपरकॅलेमिया, ऍबडक्शन, ऍडक्शन, फिफ्टीन मिलिग्रॅम, फिफ्टी मिलिग्रॅम असे शब्द क्रम बदलून वाचावेत. त्याने जे लिहिले ते मूळ यादीशी ताडून पाहावे. हायपोच्या ऐवजी हायपर किंवा पंधराच्या ऐवजी पन्नास ऐकू आले, तर आवाज वाढवून भागणार नाही. शब्दाची स्पष्टता घोगऱ्या घुमण्यात बुडाली आहे, म्हणून मिक्सरवर खालचा सूर कमी करावा आणि मागच्या भिंतीवरचे परावर्तन जाड पडद्याने तोडावे. ही चाचणी पंखे आणि कूलर चालू ठेवून घ्यावी. आपल्याकडे मोठे कूलर बहुधा मागच्या खिडक्यांना लावलेले असतात, म्हणजे सर्वांत दूर बसलेल्यांच्या कानाशीच सर्वांत जास्त गोंगाट असतो. व्याख्यात्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर हवा. शेवटच्या रांगेत कूलरचा आवाज ५५ भरला, तर तेथे बोलणे ७० पर्यंत पोहोचायला हवे, आणि ते मंचाजवळच्या दोनच स्पीकरांनी साधायला गेले की पुढच्यांचे कान बसतात. मध्यावर वेगळे स्पीकर लावणे किंवा तासाच्या आधी खोली गार करून व्याख्यानाच्या वेळी कूलर मंद ठेवणे, यांपैकी एक करावेच लागते. कूलरच्या पाण्याची नळी आणि विजेची वायर एकाच बाजूने गेलेली नाही ना, तेही त्याच फेरीत पाहावे.

कॉलर माइक हनुवटीच्या खाली साधारण एक वीत अंतरावर, ओढणी, पदर किंवा स्टेथोस्कोप घासणार नाही अशा जागी लावावा. त्याच्या जोडीला हातातला एक माइक चालू स्थितीत पोडियमवर असावा आणि प्रश्नोत्तरांसाठी आणखी दोन माइक सभागृहात फिरते असावेत. माइक पोहोचण्याआधीच प्रश्न विचारला गेला, तर वक्त्याने तो पुन्हा उच्चारावा, असे सूत्रसंचालकाला सांगून ठेवावे. पेनसेल प्रत्येक सकाळी नवे घालावेत. लॅपटॉपचा चार्जर जोडताच स्पीकरमधून घरघर येत असेल, तर तो आणि मिक्सर वेगवेगळ्या विद्युत जोडण्यांवर असू शकतात. दोन्ही एकाच बोर्डावर आणले की ती बहुधा थांबते.

फायलींच्या बाबतीत नियम कडक असावा: सादरीकरण आदल्या दिवशी घ्यावे, पेनड्राइव्हवरून थेट न चालवता सभागृहाच्या संगणकावर उतरवून घ्यावे आणि त्याच पडद्यावर पहिल्यापासून शेवटच्या स्लाइडपर्यंत उघडून पाहावे. चित्रफिती फाइलमध्येच सामावलेल्या आहेत की वक्त्याच्या घरच्या संगणकाकडे बोट दाखवत आहेत, हे तेव्हाच कळते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो, म्हणून पीडीएफ प्रतही मागून घ्यावी. ज्यांना स्वतःचाच लॅपटॉप हवा असेल त्यांच्यासाठी टाइप-सीवरून एचडीएमआयचा जोड आणि व्हीजीएची वायर ठेवावी. साधी एचडीएमआय वायर १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. त्यापेक्षा लांब अंतरासाठी नेटवर्कच्या वायरीवरून संकेत नेणारी पेटी लागते. संगणकाची अद्यतने, सूचना आणि स्क्रीनसेव्हर बंद करावेत.

याच वेळी रुग्णाची ओळख तपासावी, आणि येथे घाई मुळीच करू नये. क्ष-किरणांच्या आणि सोनोग्राफीच्या चित्रांच्या कडेला नाव, नोंदणी क्रमांक, तारीख उमटलेली असते. पॉवरपॉइंटमध्ये कड कापली तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहतो आणि फाइल वाटली की कोणालाही तो परत उघडता येतो. तो ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधला कापलेले भाग पुसण्याचा पर्याय वापरून कायमचा काढून टाकावा लागतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावल्याने चेहरा झाकला जात नाही. शस्त्रक्रियागृहातून थेट प्रक्षेपण असेल, तर रुग्णाची लेखी संमती, तारेने जोडलेले इंटरनेट आणि प्रक्षेपण तत्काळ तोडण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती, या तिन्हींची खातरजमा झाल्याशिवाय कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख करू नये. शल्यचिकित्सकाचे लक्ष रुग्णावर असते, म्हणून प्रेक्षकांचे प्रश्न एकाच समन्वयकाने निवडून त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत.

बाहेर जाण्याची सर्व दारे आतून सहज उघडतात आणि त्यांना कुलूप नाही, हे आयोजकाने स्वतः ढकलून पाहावे. वाटेत आलेल्या वायरी पट्टीने जमिनीला चिकटवाव्यात, प्रोजेक्शन कक्षाजवळ कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक असावे आणि आसनांपेक्षा जास्त माणसे पायऱ्यांवर बसवू नयेत. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा वक्त्याला गॅलरीच्या सभागृहात नेमके कोणत्या दाराने यायचे, हे आमंत्रणातच लिहावे. तात्पुरता उतार लावायचा झाल्यास एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, त्याहून उभी फळी धोकादायक असते. मंचावर चढण्याची सोय नसेल तर त्या दिवशी सर्वच वक्त्यांनी खालून बोलावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट गुण असतील तर हजेरीचे टेबल दाराबाहेर, रांग सभागृहात शिरणार नाही असे मांडावे आणि निरीक्षकांसाठी जागा राखावी.

कार्यक्रमाच्या सकाळी तासभर आधी सगळी यंत्रे पुन्हा एकदा सुरू करावीत. किल्ली कोणाकडे आहे, ऑपरेटरचा मोबाइल क्रमांक कोणता आणि जेवायच्या वेळी त्याच्या जागी कोण, ही तीन उत्तरे पोडियमवर चिकटवलेल्या कागदावर असावीत. ऑपरेटर आणि परिचर यांच्या चहा-जेवणाची व्यवस्था पाहुण्यांच्या बरोबरीने करावी, कारण दिवसभर उभे राहून सत्र चालवणारे तेच असतात. सत्र संपल्यावर प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत पुरवठा तोडू नये, माइकमधले सेल काढून ठेवावेत, संगणकावरची सर्व सादरीकरणे पुसावीत आणि जे जे अडले ते सभागृहाच्या नोंदवहीत तारीख, वेळ, रांग क्रमांक यांसह त्याच संध्याकाळी लिहून दुरुस्तीचे पत्र दुसऱ्या दिवशी कार्यालयात द्यावे.