क्लबची पीप रायफल स्वतःच्या अंगाला बसवताना

एकच पीप रायफल (मागच्या साइटच्या बारीक भोकातून, म्हणजे पीपमधून, नेम धरायची एअर रायफल) तीन-चार जणांत फिरत असली की उंच मुलासाठी लावलेली बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी मागची पट्टी, बुटक्या मुलीच्या खांद्यावर येते. तिची मान वाकते, ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) फाकतो आणि दोष पेलेटच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या, डब्याला जातो. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलीमीटरचा असतो. मान आणि खांदा ताणून धरलेली रायफल पहिले दहा-वीस शॉट निभावते, सामन्याचे साठ निभावत नाही. म्हणून जुळणीला वेळ द्यावा आणि तीही क्रमाने करावी: बट प्लेट, चीक पीस (गाल टेकवायचा भाग), पुढचा हात, साइट आणि सगळ्यांत शेवटी ट्रिगर. क्रम उलटा केला तर पुढची प्रत्येक जुळणी मागची बिघडवते.

सोबत ॲलन कीचा चांगला संच, मोजपट्टी, मास्किंग टेप, पेन आणि बाजूने बघणारा एक जण हवा. स्वस्तातली, कडा झिजलेली ॲलन की वापरू नये. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की ते काढायला फॅब्रिकेटरकडे जावं लागतं. सुरुवातीला रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळीत सेफ्टी दोरी घाला आणि तोंड टार्गेटकडे ठेवा. जॅकेट, पँट, बूट पूर्ण चढवूनच मापं घ्यायची. टी-शर्टवर घेतलेलं माप जॅकेटच्या जाडीएवढं चुकतं.

बट प्लेटची लांबी आधी. रायफल खांद्याला लावून पकडा. उजवं मनगट सरळ राहावं, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोहोचावं आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये. बोट कमी पडत असेल तर लांबी कमी करा, एका वेळी 5 मिलीमीटर, त्याहून जास्त नाही. मग उंची. डोळे मिटून रायफल उचला, डोकं सरळ ठेवा आणि डोळे उघडा. पीप डोळ्याच्या खाली राहत असेल तर बट प्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येते. बहुतेक नवे नेमबाज याच ठिकाणी मान खाली घालून काम भागवतात, आणि तासाभराने मानेचा स्नायू थरथरू लागला की फाकलेल्या ग्रुपचं कारण दुसरीकडेच शोधत बसतात.

चीक पीसवर गाल नुसता टेकवायचा नाही, डोक्याचं वजन त्यावर सोडायचं. वजन सोडूनही डोळा पीपच्या मधोमध राहिला पाहिजे. याची खूण अशी: पीपमधून बघताना पुढच्या साइटचा नळकांड्यासारखा गोल मधोमध दिसावा, भोवती सगळीकडे सारखी फट असावी. हा गोल ज्या बाजूला सरकलेला दिसतो, डोळा त्याच बाजूला गेलेला असतो. गोल वर दिसला तर डोळा वर आहे, चीक पीस खाली घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याला गोल डावीकडे दिसला तर गाल बाहेर ढकलला जातोय, चीक पीस आत, म्हणजे उजवीकडे घ्या. डोळे मिटून दहा सेकंद थांबा, उघडा, पुन्हा बघा. पाच वेळा तेच चित्र दिसलं की स्क्रू आवळा. जिथे खूण तिथे टेपची पट्टी लावून पेनाने रेघ मारा.

उभ्या पोझिशनमध्ये डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि हाताचं हाड रायफलखाली खांबासारखं उभं राहतं. नळी टार्गेटच्या खाली पडत असेल तर दंडाने उचलू नका; स्टॉकखालचा रायझर, म्हणजे हातावर टेकणारा उंचीचा ठोकळा, वाढवा किंवा हात ट्रिगर गार्डकडे थोडा मागे घ्या. टार्गेटच्या डावी-उजवीकडे पडत असेल तर पावलं फिरवा. आडव्या चुकीसाठी बट प्लेटशी खेळणं हा हमखास वेळेचा अपव्यय आहे.

पुढे वजन लावायचा मोह आवरावा. नळीच्या टोकाला 50 ग्रॅम लावले तरी हाताला बराच फरक पडतो. नियमानुसार साइटसकट रायफल 5.5 किलोपर्यंत चालते, पण बारीक अंगाच्या शाळकरी मुलांना त्याहून बरीच हलकी हवी.

पुढच्या साइटची रिंग, म्हणजे जिच्या आत टार्गेटचा काळा गोल धरायचा ती कडी, निवडताना हिशोब करून बघा. टार्गेटचा काळा गोल 30.5 मिलीमीटरचा. पुढची साइट डोळ्यापासून मीटरभर अंतरावर असेल, तर 10 मीटरवरचा तो गोल रिंगच्या जागी सुमारे 3 मिलीमीटर भासतो. 3.4 मिलीमीटरची रिंग लावली तर भोवती पांढरी कड नावालाच उरते आणि रिंग हलते तसतसा डोळा गोंधळतो. सुरुवातीला 4.0 किंवा 4.2 लावा, हात स्थिर झाला की खाली उतरा.

ट्रिगरला हात लावताना कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेलेच स्क्रू फिरवा. आतल्या लोखंडी भागांना कानस लावून ट्रिगर हलका करणं धोक्याचं आहे, कुणी कितीही सांगो. एअर रायफलमध्ये ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, म्हणून तो केसासारखा हलका हवा असंही नाही. नवख्याला 150 ग्रॅम उत्तम. बदल झाल्यावर रिकामी रायफल कॉक करा, तोंड टार्गेटकडे ठेवा आणि बटवर तळहाताने हलके ठोके द्या. ठोक्यानेच ट्रिगर सुटला तर सेटिंग परत मागे.

एका सरावात एकच बदल करायचा आणि त्यावर निदान तीन सराव खेळायचे. ग्रुप उभा लांबत असेल तर गालाचा दाब, खांद्यातली जागा आणि श्वास तपासा. आडवा पसरत असेल तर पावलं आणि तोल. प्रत्येक खेळाडूचं कार्ड रायफलच्या पेटीत ठेवा: बटची लांबी, उंची, चीक पीसच्या रेघा, रिंगचा आकार, साइटचे क्लिक (साइटची घुंडी किती टप्पे फिरवली ते). अदलाबदल दोन मिनिटांत होते.

किनाऱ्यावरच्या क्लबांनी हवेकडे निराळं लक्ष द्यायला हवं. दारं पावसात फुगून अडकतात, तशी वॉलनटची (अक्रोडाच्या लाकडाची) ग्रिपही मृगानंतर जाडावते. बोट ट्रिगरवर वेगळ्या ठिकाणी पडू लागलं तर आधी हे तपासा. फोमची बंद पेटी ओल धरून ठेवते, गंज तिथेच सुरू होतो. घरी आल्यावर रायफल पेटीबाहेर काढा, घामाचा हात लागलेली जागा कोरड्या फडक्याने पुसा, पोलादी भागांवर गन ऑइलचा पुसट हात फिरवा आणि ती कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत उभी ठेवा. नळीत तेल ओतू नका, सफाईचे फेल्टचे पेलेट पुरतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीतले पोलादी स्क्रू खाऱ्या हवेत जाम होतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सैल करून पुसा, बारीकसं ग्रीस लावा आणि रेघेवर परत आवळा.

रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर हातपंपाने भरत असाल तर दमट हवा दाबली जाताच तिच्यातलं पाणी सुटतं. ते आत गेलं की व्हॉल्व्ह गंजतात. पंपाला ओल शोषणारा फिल्टर हवाच, आणि थोडं भरून पंप थंड होऊ द्यावा. मालवण-तारकर्लीच्या बाजूला स्कूबा केंद्रं आहेत. श्वासासाठीची हवा गाळून कोरडी केलेली असते, म्हणून रायफललाही ती चालते. योग्य ॲडॉप्टर घेऊन जा आणि भरून देतील का ते आधी विचारा. हवा सावकाश भरावी, सिलिंडरवर लिहिलेल्या दाबापलीकडे नाही. हा दाब साधारणपणे 200 बार असतो. जोडाला तेल-ग्रीस लागू देऊ नका आणि ऑक्सिजन किंवा दुसरा कुठलाही वायू कधीही भरू नका. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. जर्मन कंपन्या साधारण 10 वर्षांची मुदत देतात. ती उलटलेला सिलिंडर वापरातून काढावा, आणि जुनी रायफल विकत घेताना भाव ठरवण्याआधी ही तारीख वाचावी.